भाषांतर हेही समीक्षेचेच काम

मुंबईतल्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींची एक सोयीची समजूत असते, की साहित्याचे विश्लेषण हा एक विषय आहे आणि भाषांतर हा दुसरा. एम.ए.ला दोन्ही शिकवले जातात, पण वेगवेगळ्या पेपरांत आणि बहुधा वेगवेगळ्या शिक्षकांकडून. एका पेपरात आय. ए. रिचर्ड्सपासून एडवर्ड सैदपर्यंतच्या समीक्षकांची नावे येतात, दुसऱ्यात नायडा, कॅटफर्ड आणि व्हेनुटी या भाषांतराच्या अभ्यासकांची. ‘अमुक कादंबरीचे स्त्रीवादी दृष्टिकोनातून विवेचन करा’ असा प्रश्न पडतो, विरार गाडीत उभ्याने वाचता येईल अशा एखाद्या गाइडातून त्याचे उत्तर तयार होते, ते इंग्रजीत लिहिले जाते, आणि विद्यार्थी ज्या भाषेत घरी भांडतो आणि हिशेब करतो तिच्याशी या विवेचनाची गाठ कधीच पडत नाही. मला मात्र दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे, की समीक्षेची कोणतीही पद्धत खरोखर किती कामाची आहे, हे त्या साहित्यकृतीचा एक परिच्छेद मराठीत आणायला बसल्याशिवाय कळत नाही.

ही फारकत जुन्या काळी नव्हती. इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून इंग्लंडातल्या विद्यापीठांत स्थिरावण्याआधीच वसाहतीच्या गरजांमुळे हिंदुस्थानात रुजला, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवून दिले. मुंबई विद्यापीठ १८५७चे. त्याच्या पहिल्या काही पिढ्यांनी इंग्रजी वाचली ती परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी, पण त्यांतल्या लिहित्या माणसांनी वाचलेले मराठीत आणून पाहिले. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणले तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ असे नाव दिले. हे नाव म्हणजेच एक वाचन आहे. राजपुत्राच्या सूडाची कथा, राजकारण, भुताची भेट यांपैकी कशालाही अग्रस्थान न देता मनोविकारांचा खेळ हाच नाटकाचा गाभा आहे, असा निर्णय आगरकर मुखपृष्ठावरच देतात. त्यांचा हॅम्लेट चंद्रसेन झाला. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला, डेस्डेमोनाची कमळजा केली आणि आयागोचा जाधवराव. पुढे १९७४ साली, मुंबईत अनेक वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी ‘किंग लिअर’चे भाषांतर केले तेव्हा लिअर लिअरच राहिला.

चंद्रसेन बरोबर की लिअर बरोबर, असा वाद आपल्याकडे हौसेने घातला जातो. भाषांतराचे अभ्यासक गिडिऑन टूरी यांच्या वर्णनात्मक पद्धतीचा उपयोग इथे होतो, कारण ती निवाडा बाजूला ठेवून विचारते, की त्या काळातल्या भाषांतरकाराला कोणते संकेत बांधून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी रंगभूमीला चालणारे नाटक हवे होते, आणि प्रेक्षकाला परके वाटू न देणे हा संकेत होता. १९७४च्या वाचकाला मूळ नाटकाच्या जवळ जायचे होते. एवढे मान्य केल्यावर मात्र टूरी थांबतात आणि आपली अडचण सुरू होते. झालेल्या भाषांतराचे वर्णन करणाऱ्याला ही पद्धत पुरते, उद्या सकाळी भाषांतराला बसणाऱ्याला पुरत नाही. शिवाय ऑथेल्लोचा झुंझारराव झाल्यावर त्याच्या वर्णाचे आणि परकेपणाचे काय होते, हा प्रश्न संकेतांच्या यादीने सुटत नाही. व्हेनिसमधल्या मूर माणसाचे एकटेपण मराठी नावाच्या सरदाराकडे कोणत्या वाटेने पोहोचणार, हे प्रत्येक प्रवेशागणिक पाहावे लागते.

आमच्या वर्गांत अजूनही सर्वाधिक चालते ती रिचर्ड्स यांच्या वळणाची बारीक वाचनाची पद्धत. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव झाकून कविता वाचायला देण्याचा त्यांचा प्रयोग आणि त्यावरचे १९२९चे पुस्तक प्रसिद्ध आहे. या पद्धतीबद्दल मला आदर आहे, कारण ती शब्दांवरून नजर हलू देत नाही. पण वाचक कोण आहे आणि तो कोणत्या भाषेतून आला आहे, याचा विचार तिने फारसा केला नाही. डोंबिवलीहून किंवा लालबागेतून आलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी काही ठिकाणी अडखळतो हे खरे, पण काही ठिकाणी तो लंडनच्या विद्यार्थ्याच्या पुढे असतो. ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात केंट हा निष्ठावंत सरदार राजाशी आदबीने बोलत असतो, राजा कॉर्डेलियावर अन्याय करतो तेव्हा केंटचा तोल सुटतो, आणि राजाला म्हातारा म्हणत तो आदराच्या ‘यू’ऐवजी ‘दाऊ’, म्हणजे ‘तू’, हे सर्वनाम वापरतो. आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला तळटीप वाचावी लागते, आणि तळटीप वाचूनही धक्का बसत नाही. मराठीत ‘महाराज, आपण’ वरून ‘तू हे काय करतोस, म्हाताऱ्या’ असे खाली उतरताच वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. सर्वनामांतून सत्ता आणि जवळीक कशी व्यक्त होते यावर ब्राउन आणि गिलमन यांचा १९६०चा निबंध आहे. तो मी या प्रवेशानंतर शिकवते, आधी नाही.

जेन ऑस्टेनकडे आले की प्रकरण अवघड होते. ‘एमा’ ही कादंबरी जवळजवळ सगळी नायिकेच्या नजरेतून दिसते, पण ती तृतीयपुरुषी आहे. मिस्टर एल्टन आपल्या मैत्रिणीच्या, हॅरिएटच्या, प्रेमात आहे अशी एमाची खात्री असते. प्रत्यक्षात त्याचा डोळा एमावरच असतो. वाचकही बराच काळ फसतो, कारण एमाचे मत आणि निवेदकाचे विधान यांच्यामध्ये लेखिकेने कुंपण घातलेले नाही. या निवेदनशैलीची इंग्रजीतली ओळख व्याकरणाची असते: सर्वनाम तृतीयपुरुषी, क्रियापद भूतकाळी, पण ‘आता’, ‘उद्या’, ‘इथे’ हे शब्द आणि उद्गार मात्र पात्राच्या जागेवरून आलेले. मराठीत यातली एक खूण निकामी होते. आपण दुसऱ्याचे बोलणे सांगताना काळ मागे सरकवत नाही. ‘ती म्हणाली, की मी उद्या येईन’ असे सरळ म्हणतो. म्हणून सगळी क्रियापदे भूतकाळात ठेवून भाषांतर केले, तर मराठी वाक्य निवेदकाने दिलेल्या माहितीसारखे वाटते आणि एमाचा आवाज त्यातून नाहीसा होतो.

मग भाषांतरकार घाबरतो आणि ‘असे एमाला वाटले’ हे शेपूट जोडतो. शोशाना ब्लम-कुल्का यांनी १९८६ साली मांडले होते, की मुळात जे अध्याहृत असते ते उघड करून सांगण्याची ओढ भाषांतराच्या प्रक्रियेतच असते. ऑस्टेनच्या बाबतीत ही ओढ घातक आहे. ‘असे एमाला वाटले’ म्हणताच वाचक सावध होतो आणि कादंबरीची सगळी गंमत, जी वाचकाने स्वतः फसण्यात आहे, संपते. मराठीकडे दुसरी साधने आहेत आणि ती व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा बोलण्यात जास्त सापडतात. ‘त्याचे मन हॅरिएटवरच जडले होते, यात शंका ती कसली!’ या वाक्यातला ‘कसली’ निवेदकाचा नाही, एमाचा आहे. ‘बरे’, ‘ना’, ‘तर’, ‘कुठला’ हे शब्द, क्रियापद गाळलेले तुटक वाक्य, यांनी पात्राचा आवाज निवेदनात शिरतो. ‘म्हणे’ हा शब्द फार मोहात पाडतो, पण तो मी इथे टाळायला सांगते, कारण त्यात अविश्वासाची छटा असते आणि लेखिका पुढे शंभर पानांनी जे उघड करणार आहे ते तो आजच फोडतो. निवेदनशास्त्राची पाठ्यपुस्तके या शैलीची लक्षणे सांगतात. एका परिच्छेदाचे भाषांतर करताना विद्यार्थ्याला कोणते विधान कोणाचे आहे हे प्रत्येक वाक्यापाशी ठरवावे लागते, आणि त्याला ते ठरवता आले नाही तर त्याने कादंबरी वाचलेलीच नाही, असे मी समजते.

समीक्षेच्या तीन वेगळ्या पद्धती एकाच पुस्तकावर कशा चालतात, हे दाखवायला मी कॉनराडची आफ्रिकेत घडणारी ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ घेते. ती १८९९ साली मासिकातून क्रमशः आली आणि १९०२ साली पुस्तकात. इंग्रज समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ साली तक्रार केली, की कॉनराड अवर्णनीय, अनाकलनीय अशा विशेषणांचा मारा करतो आणि त्यामुळे परिणाम वाढण्याऐवजी बोथट होतो. ही रूपवादी तक्रार होती, शैलीतला दोष दाखवणारी. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५च्या व्याख्यानात तीच जागा उचलली आणि म्हटले, की हा केवळ शैलीचा दोष नाही, यात लेखकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. आफ्रिकेला गूढ आणि अगम्य म्हणत राहिले, की तिथल्या माणसांना माणूस म्हणून दाखवण्याची जबाबदारी टळते. पुढे २००५ साली मायकल स्टब्स यांनी संगणकाच्या मदतीने या कादंबरीतले शब्द तपासले, आणि अनिश्चितता दर्शवणारे ‘काहीतरी’, ‘कसलेसे’, ‘एक प्रकारचे’ अशा अर्थाचे शब्द किती सातत्याने येतात हे दाखवले. एकाने ज्याला सवय म्हटले, दुसऱ्याने ज्याला डाव म्हटला, त्याचे मोजमाप तिसऱ्याने केले.

आता हाच मजकूर मराठीत आणायचा म्हटले, तर पहिला शत्रू आपले शालेय संस्कार आहेत. पुनरुक्ती हा दोष आहे, हे आपल्याला निबंधाच्या वहीतल्या लाल शाईने शिकवलेले असते आणि संस्कृत काव्यशास्त्राचा त्याला पाठिंबा असतो. शिवाय आपला शब्दसाठा इतका श्रीमंत, की अगम्य, गूढ, अनाकलनीय, दुर्बोध, अथांग असे एकामागून एक शब्द विनासायास हाताशी येतात. भाषांतरकार प्रत्येक वेळी नवा शब्द वापरतो, मराठी परिच्छेद मुळापेक्षा देखणा होतो, आणि लीव्हिस, अचेबे, स्टब्स या तिघांच्याही म्हणण्याचा पुरावा पुसला जातो. ते भाषांतर वाचून कोणा मराठी वाचकाने अचेबेंचा निबंध हाती घेतला, तर त्याला हा माणूस कशाबद्दल रागावला आहे तेच कळणार नाही. फ्रेंच अभ्यासक आंत्वान बेर्मान यांनी भाषांतरात मूळ कृती कशी विरूप होते याच्या ज्या प्रवृत्ती सांगितल्या, त्यांत मजकुराखाली पसरलेली अर्थाची जाळी तुटणे ही एक आहे. तिचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. म्हणून वर्गात भाषांतराला हात घालण्याआधी मी पेन्सिलीने पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करायला लावते आणि प्रत्येकासाठी एकच मराठी शब्द ठरवायला सांगते. विद्यार्थी कुरकुर करतात, की हे कानाला बरे लागत नाही. लागू नये, असेच मूळही आहे.

लिंगाचा प्रश्न इंग्रजीतून येताना हटकून उभा राहतो. शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली, एकूण १५४. त्यांतली पहिली १२६ एका तरुणाला उद्देशून आहेत असे परंपरेने मानले जाते, पण एकेकटे सुनीत घेतले तर त्यातली बरीचशी ज्याला उद्देशून आहेत ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे सांगत नाहीत. जॉन बेन्सन याने १६४०च्या आवृत्तीत काही ठिकाणी पुरुषवाचक सर्वनामे बदलून स्त्रीवाचक केली, म्हणजे ही संदिग्धता तेव्हाही कोणाला तरी खुपली होती. मराठी विशेषण आणि क्रियापद लिंग उघड करतात, त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावीच लागते, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. ‘तू सुंदर आहेस’ या वाक्यात काहीच उघड होत नाही, ‘तू देखणा आहेस’ म्हटले की होते. प्रथमपुरुषी निवेदनातही तसेच. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ इथे सुटका नाही, पण ‘मी पत्र वाचले’, ‘मला वाटले’, ‘माझ्या लक्षात आले’, ‘मी जाईन’ या सगळ्या वाक्यांत बोलणारा कोण हे झाकलेले राहते, कारण सकर्मक भूतकाळात आपले क्रियापद कर्माच्या मागे जाते. जेनेट विंटरसन यांची १९९२ची एक कादंबरी निवेदकाचे लिंग शेवटपर्यंत सांगत नाही. ती मराठीत आणणे अशक्य आहे असे मला अनेकांनी ठासून सांगितले आहे. मला ते कष्टाचे वाटते, अशक्य वाटत नाही.

बोलीचा मुद्दा थोडक्यात सांगते, कारण त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली एलायझा पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त मंजुळा झाली, तेव्हा लंडनच्या वर्गभेदाची जागा मराठी उच्चारांतल्या भेदांनी घेतली. पण ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद आपल्याकडे फक्त वर्ग सांगत नाही, ऐकणारा त्यावरून जातही ताडतो. वर्गभेदाच्या मार्क्सवादी चौकटीत मूळ नाटक नीट बसते. मराठी रूपांतर तसेच्या तसे बसत नाही, आणि हा रूपांतराचा दोष मानायचे कारण नाही.

संक्षिप्त भाषांतरांबद्दल मात्र माझे मत कडवट आहे. सैद यांनी १९९३ साली ‘मॅन्सफील्ड पार्क’ या ऑस्टेनच्या १८१४च्या कादंबरीचे जे वाचन केले, ते घराचे धनी सर थॉमस यांच्या अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरच्या मळ्याच्या मोजक्या उल्लेखांवर उभे आहे. नायिका फॅनी गुलामांच्या व्यापाराबद्दल प्रश्न विचारते आणि सगळे गप्प होतात, एवढाच तो संवाद, तोही तिने नंतर सांगितलेला. कथानकाला त्याची गरज नाही. म्हणून कादंबरी दीडशे पानांत बसवणारा भाषांतरकार सर्वांत आधी हीच वाक्ये कापतो, आणि इंग्रज सुखवस्तूपणाचा पैसा कुठून येत होता हे सांगणारी जागाच मराठी वाचकापुरती उरत नाही.

भाषांतराच्या सिद्धान्तांपैकी सध्या आमच्याकडे सर्वांत जास्त उद्धृत होतात लॉरेन्स व्हेनुटी. त्यांच्या १९९५च्या पुस्तकाचा रोख असा, की गुळगुळीत, ओघवत्या भाषांतरात भाषांतरकार अदृश्य होतो आणि परकी संस्कृती गिळली जाते, म्हणून भाषांतराने मूळचे परकेपण जाणवू द्यावे. हे त्यांनी इंग्रजीत येणाऱ्या भाषांतरांबद्दल लिहिले, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण तिथे गिळणारी भाषा इंग्रजी आहे. आपल्याकडे दिशा उलटी आहे. इंग्रजीचे परकेपण मराठीत जाणवू द्या असे म्हटले, तर प्रबळ भाषेचा ठसा दुबळ्या भाषेवर आणखी खोल उमटवा, असाच त्याचा अर्थ होतो. इंग्रजीने मराठीच्या वाक्यरचनेवर काय परिणाम केला याचा भाषाशास्त्रीय आणि शैलीवैज्ञानिक अभ्यास भालचंद्र नेमाडे यांनी केलेला आहे; तो १९९०मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाचल्यावर व्हेनुटींचा सल्ला जसाच्या तसा उचलणे कठीण जाते. ‘तो माणूस जो काल आला होता’ हे इंग्रजी वळण ठेवणे म्हणजे कोणत्याही संस्कृतीचा आदर नव्हे; ‘काल आलेला माणूस’ म्हणण्याने कॉनराड किंवा ऑस्टेन यांचे काही बिघडत नाही. माझा विद्यार्थ्यांना सल्ला असा, की परकेपण लेखकाचे असेल तर राखा, इंग्रजी व्याकरणाचे असेल तर सोडून द्या. कॉनराडची पुनरावृत्ती कॉनराडची आहे. संबंधी उपवाक्य कोणा एका लेखकाचे नसते.

एक काम मात्र आमच्याकडे अगदीच दुर्लक्षित आहे, आणि ते सर्व सिद्धान्तांच्या आधीचे आहे: आपण कोणत्या पाठाचे भाषांतर करतो आहोत हे सांगणे. पाठभेद मराठी माणसाला नवे नाहीत. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्यातच सिद्ध झाली. तरीही शेक्सपिअरचे भाषांतर करताना, फाउंटनच्या किंवा किंग्ज सर्कलच्या पदपथावर जी जुनी प्रत मिळाली तिच्यावरून काम सुरू होते आणि प्रस्तावनेत त्या प्रतीचा उल्लेखही येत नाही. ‘किंग लिअर’चे दोन पाठ आहेत, १६०८चा क्वार्टो (लहान आकाराची सुटी छापील प्रत) आणि १६२३चा फोलिओ (नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह). क्वार्टोतल्या सुमारे तीनशे ओळी फोलिओत नाहीत, फोलिओतल्या सुमारे शंभर क्वार्टोत नाहीत. अठराव्या शतकापासून संपादकांनी दोन्ही एकत्र करून एक नाटक बनवले, आणि १९८६च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने ती पुन्हा वेगळी छापली. नाटकातल्या अगदी शेवटच्या ओळी, ज्यांत वृद्धांनी सर्वांत जास्त सोसले आणि आम्हा तरुणांना एवढे कधी पाहावे लागणार नाही असे म्हटले आहे, त्या क्वार्टोत अल्बनीच्या तोंडी आहेत आणि फोलिओत एडगरच्या. इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवडावे लागते, आणि बोलणारा राज्याचा सरदार अल्बनी आहे की बाप गमावलेला एडगर, हे ठरल्याशिवाय ती निवड करता येत नाही.